शिलावर्तुळे, विदर्भातील

विदर्भातील लोहयुगीन लोकांची दफनस्थळे. मोठे, न घडवलेले धोंडे गोलाकार मांडून मधली जागा गोटे आणि माती यांनी भरलेली असते. या भरावाखाली मृताचे अवशेष व त्याच्यासोबत पुरलेल्या वस्तू सापडतात. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. पहिल्या सहस्रकात पडतो. दक्षिण भारतातील महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांनी खूण केलेल्या, दफनांचाच हा एक प्रकार असला, तरी विदर्भात वर्तुळालाच सर्वाधिक पसंती दिसते.

नागपूर जिल्ह्यात ती सर्वांत दाट आहेत. नागपूर–काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी येथे सुमारे 300 वर्तुळे असून त्यांतील काही 1867 मध्ये जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने उकरली. शास्त्रशुद्ध उत्खनने मात्र पुढे शंभरेक वर्षांनी झाली. टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथील कामांशी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचे नाव निगडित आहे.

मृतांसाठी वेगळी जागा राखणे हे या लोकांचे ठळक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. पुणे जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन (लोहयुगाआधीच्या) इनामगावात मूल गेले, तर ते मडक्यांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरत. इकडे टाकळघाटला वस्तीची पांढरी (जुन्या वस्तीचे टेकाड) आणि जवळच खापा येथे वर्तुळे, अशी विभागणी दिसते.

वर्तुळांत घोडा वारंवार भेटतो. माहुरझरीला घोड्याची हाडे मिळाली. लगामाच्या लोखंडी कड्या आणि तांब्याच्या पत्र्याची शिरोभूषणेही मिळाली. धन्याबरोबर घोड्याचा बळी दिला जात असावा, असा तर्क हाडांवरील घावांवरून केला जातो. याखेरीज लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याच्या मुठीचा खंजीर, काळी-तांबडी मृद्भांडी, मणी आणि क्वचित सोन्याचे दागिने. लोखंड बाहेरून आणावे लागत नसे: पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे ते गाळण्याची भट्टीच उघडकीस आली.

माणसाचा सांगाडा मात्र बहुधा तुटक असतो, काही ठिकाणी जेमतेम चार हाडे. म्हणजे प्रेत आधी अन्यत्र ठेवून उरलेल्या अस्थी येथे आणत असावेत. एवढे धोंडे ओढून आणायला पुष्कळ माणसे लागत. तेव्हा ही सोय गावातल्या प्रत्येकासाठी नसणार, हे उघड आहे. सामान्य माणसाचे काय करत, याचे उत्तर वर्तुळे देत नाहीत.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले उथळ खळगे आहेत. त्यांचा संबंध ताऱ्यांच्या स्थितीशी जोडण्याचे प्रयत्न झाले असले, तरी तो अजून सर्वमान्य नाही. जुनापाणीसह हिंगणा, उबाळी, घोराड इत्यादी ठिकाणची वर्तुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत. यादीबाहेरच्या वर्तुळांना शेती, मुरमाच्या खाणी आणि नागपूरची वाढती वस्ती यांपासून धोका आहे.