पट्टा तुटेल कसा, पट्टाच नाही!

गणपतीत पुण्याचा मावसभाऊ चिपळूणला हायब्रिड होंडा सिटी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेऊन आला. वाडीतल्या एका जाणत्याने बॉनेटवर हात ठेवून सांगून टाकलं, "सीव्हीटी आहे ना? कुंभार्ली घाट चढताना पट्टा तुटतो हिचा." हा समज इतक्यांदा ऐकलाय, की शेवटी लिहायला बसलो.

पेट्रोल सिटीत एक तर सहा गिअरांची मॅन्युअल मिळते, नाहीतर सीव्हीटी. सीव्हीटीत दोन शंकूच्या पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो आणि पुल्या आवळल्या-सैलावल्या की गुणोत्तर बदलतं. आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व, फक्त पट्टा रबराचा. २०२२ साली आलेल्या हायब्रिडच्या कागदावर मात्र 'ई-सीव्हीटी' लिहिलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. तिच्यात पट्टा नाही, पुल्या नाहीत. ठरावीक दातांची चाकं आहेत, पण बदलायचे गिअर नाहीतच.

मुळात गिअर लागतात कशाला? इंजिन शून्य फेऱ्यांवर काही ओढू शकत नाही, बंद पडतं. पेट्रोल सिटीचा सर्वाधिक पीळ, म्हणजे टॉर्क, १४५ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ४३०० फेऱ्यांवर. घाटाच्या वळणावर चाकं सावकाश फिरतात, इंजिनाला मात्र पळतं ठेवावं लागतं. दोघांमधला मध्यस्थ म्हणजे पहिला गिअर. विजेच्या मोटरला हा मध्यस्थ नको असतो. हायब्रिडची मोटर २५३ न्यूटन-मीटर पीळ देते आणि तो शून्यापासून ३००० फेऱ्यांपर्यंत सारखाच मिळतो.

यातला एक हिशेब मला फार आवडतो. शक्ती म्हणजे पीळ गुणिले कोनीय वेग, म्हणजे फिरण्याचा वेग. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक). २५३ गुणिले ३१४ केलं की सुमारे ७९,४०० वॅट येतात आणि मोटरची कमाल शक्ती आहे ८० किलोवॅट! म्हणजे ३००० पर्यंत पीळ कायम, त्यापुढे शक्ती कायम आणि पीळ फेऱ्यांच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातो. मॅन्युअलचा ड्रायव्हर सहा गिअर टाकत हाच वक्र पायऱ्यापायऱ्यांनी गाठू बघतो. मोटरच्या तो अंगातच आहे.

शहरात आणि चढावर इंजिन बहुतेक वेळा जनित्र फिरवून वीज करतं, चाकांना ते जोडलेलंही नसतं. त्यामुळे आवाज चढला तरी वेग तेवढाच राहू शकतो आणि लोकांना क्लच घसरल्यासारखं वाटतं. महामार्गावर एकसारख्या वेगात मात्र यांत्रिक ऊर्जेची वीज करून पुन्हा गती करण्यात नुकसान होतं. तेव्हा एक क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकं फिरवतं, एकाच गुणोत्तरात.

'आपोआप चार्ज होते, वीज फुकट' या जाहिरातबाजीवर विश्वास ठेवू नका. माणसांसकट १५०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरली, तर वीजबिलातलं जेमतेम ०.४ युनिट मोकळं होतं. त्यातलंही सगळं बॅटरीत जात नाही, आणि ती उंची चढताना पेट्रोल जळलेलंच असतं.

घाट उतरताना स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दाबून मोटरला ब्रेकचं काम द्यावं. बॅटरी भरली की जास्तीच्या विजेवर जनित्रच इंजिनाला फिरवतं. तेव्हा इंजिन गुरगुरलं तर घाबरू नये, त्यात पेट्रोल जळत नसतं.