डीएनए न सोडता जनुक चालू करणारं मेर-आर

ठाणे खाडीच्या गाळात पारा सापडतो, हे वेगवेगळ्या अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. पाऱ्याने दूषित गाळात टिकून राहणाऱ्या अनेक जिवाणूंकडे 'मेर' नावाचा जनुकांचा गट असतो. त्यातलं एक वाहक प्रथिन पारा पेशीत घेतं आणि मेर-ए हे विकर (एन्झाइम) विषारी पारा-आयनाचं धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं, जो वाफ होऊन निघून जातो. वाहक तयार झाला आणि विकर नसलं, तर पेशी स्वतःच विष ओढून घेईल. म्हणून हे सगळं पारा आल्यावरच आणि एकदम चालू व्हावं लागतं. ते काम मेर-आर हे नियंत्रक प्रथिन करतं.

आधी त्याला डीएनएवरची आपली जागा सापडते कशी, ते पाहू. डीएनएच्या पिळाला एक रुंद आणि एक अरुंद खाच असते. रुंद खाचेतून बेसच्या, म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांच्या, कडा वाचता येतात: हायड्रोजन बंध देणारे अणू कुठे, घेणारे कुठे, थायमिनचा मिथिल गट कुठे. अरुंद खाचेतून ए-टी आणि टी-ए जवळपास सारखेच दिसतात. म्हणून मेर-आरसारखी डीएनए वाचणारी प्रथिनं आपलं एक हेलिक्स (मळसूत्रासारखा भाग) रुंद खाचेत घालतात. प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाने ग्वानिन या बेसशी दोन हायड्रोजन बंध जोडणं ही त्यातली नेहमीची जोडणी. शिवाय मेर-आर दोन प्रतींच्या जोडीने काम करतं, त्यामुळे त्याची खूणही दुहेरी असते. टीएन501 या ट्रान्सपोझॉनमध्ये (जागा बदलू शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात) ती सी-सी-जी-टी-ए-सी, मग ए-टी-जी-ए, मग जी-टी-ए-सी-जी-जी अशी आहे. शेवटचा तुकडा समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचला की पहिलाच तुकडा मिळतो. दोन्ही भाग एकाच वेळी नीट बसले, तरच पकड घट्ट.

खरी गंमत पुढे आहे. जनुकावरून आरएनए लिहिणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला प्रमोटरवरच्या, म्हणजे जनुकाच्या आधीच्या डीएनएवरच्या, −35 आणि −10 या दोन खुणा एकाच वेळी पकडायच्या असतात. त्यांच्यात साधारण 17 बेस-जोड्या असाव्या लागतात. मेरच्या प्रमोटरमध्ये 19 आहेत. एका जोडीमागे पीळ सुमारे 34 अंशांनी फिरतो, म्हणजे जादा दोन जोड्यांनी −10 ची खूण जवळजवळ 70 अंश बाजूला वळलेली असते. पॉलिमरेज येतं, बसतंही, पण लिहायला सुरुवात करू शकत नाही.

मेर-आर नेमकं याच 19 जोड्यांवर बसलेलं असतं. पाऱ्याचा आयन आला की जोडीतल्या एका साखळीची दोन आणि दुसरीची एक अशी तीन सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) त्याला धरतात. प्रथिन डीएनए सोडत नाही, पण त्याचा आकार बदलतो आणि मधला पीळ सुमारे 33 अंश उकलतो. दोन्ही खुणा पॉलिमरेजच्या आवाक्यात येतात. मधल्या दोन जोड्या कापून अंतर 17 केलं, तर प्रमोटर पाऱ्याशिवायही चालू राहतो. या यंत्रणेचा याहून सरळ पुरावा मागायची गरज नाही.

म्हणूनच जेल-शिफ्ट चाचणीत नवखे लोक फसतात. लेबल लावलेला डीएनएचा तुकडा प्रथिनाबरोबर वीसेक मिनिटं ठेवून थंडीत साध्या, एसडीएस (प्रथिनं उलगडणारं रसायन) नसलेल्या पॉलिॲक्रिलामाइड जेलवर चालवला, की प्रथिन बसलेला तुकडा मागे राहतो. पारा टाकल्यावरही तो मागेच राहतो, आणि 'परिणाम नाही' अशी नोंद होते. परिणाम आहे, फक्त तो या जेलवर दिसत नाही. पीळ बदलल्याचं पाहायचं तर फुटप्रिंटिंग (प्रथिनाखालच्या डीएनएची स्थिती दाखवणारी चाचणी) करावं लागतं, किंवा आरएनए बनतोय का ते थेट तपासावं लागतं. बफरमध्ये सवयीने डीटीटी हे गंधकयुक्त रसायन टाकलं, तर तेच पाऱ्याला घट्ट धरतं आणि मेर-आरपर्यंत फारसं काही पोचत नाही. डीटीटी वगळून मर्कॅप्टोइथेनॉल मोजकं वापरावं. स्पर्धक म्हणून पॉली-डीआय-डीसी हा कृत्रिम डीएनए घालायला विसरलं, तर प्रथिन डीएनएवर कुठेही चिकटतं आणि पट्ट्याऐवजी फराटा दिसतो.

याच प्रमोटरपुढे प्रकाश देणारी लक्स जनुकं जोडून पाऱ्याचे जैवसंवेदक बनवले गेले आहेत. खाडीच्या गाळाचा नमुना त्यांना दिला आणि उजेड दिसला नाही, तर पारा नाही असा निष्कर्ष काढू नये. सल्फाइडशी बांधलेला पारा पेशीत सहसा शिरतच नाही, आणि नमुन्यातल्या दुसऱ्या एखाद्या विषाने जिवाणूच मेले असतील. सतत उजळणारा दुसरा स्ट्रेन (जिवाणूचा वाण) त्याच नमुन्यात शेजारी ठेवावा. तोही विझला, तर ते वाचन बाद धरावं.