मतदारसंघाच्या रेषा आमदार आखत नाहीत हो!

प्रभाग रचनेचा विषय निघाला की पुण्यात हमखास ऐकू येतं, जनगणना झाली की सत्तेतले आमदार आपल्या सोयीने विधानसभेचे मतदारसंघ कापून घेतात. तसं नाहीये. महापालिकेचे प्रभाग वेगळे, ते सारखे बदलतात, आणि त्यामुळेच हा गोंधळ होतो.

विधानसभेच्या रेषा आखतो परिसीमन आयोग. महाराष्ट्रासाठी मागचा आयोग २००२ च्या कायद्याने नेमला, अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. आमदार-खासदार त्यात असतात पण फक्त सहयोगी सदस्य म्हणून, मत द्यायचा अधिकार नाही, सहीचाही नाही. आकडे घेतले २००१ च्या जनगणनेचे, राज्याची लोकसंख्या भागिले २८८ जागा म्हणजे एका जागेला सरासरी साधारण ३ लाख ३६ हजार माणसं.

आता पुण्याचंच बघा ना, पेठांपेक्षा उपनगरं कितीतरी वेगाने वाढली होती, म्हणून २००८ च्या आदेशात भवानी पेठ मतदारसंघ गेला आणि कोथरूड, हडपसर, वडगाव शेरी, खडकवासला असे नवे आले, २००९ ला पहिल्यांदा त्यावर मतदान झालं. माझ्या मामीला तेव्हा मतदार स्लिपवर मतदारसंघाचं वेगळंच नाव दिसलं तर ती घाबरली, आपलं नाव कापलं की काय म्हणून!

आणि दर जनगणनेला हे होतं हेही खोटं. २०११ ची जनगणना झाली, तरी २०२४ ची विधानसभा २००८ च्याच रेषांवर झाली. एकूण जागांची संख्या तर १९७६ च्या घटनादुरुस्तीनेच गोठवली होती, ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.