वजनकाट्याला चकवणारी काजळी

काजळीने फुप्फुस काळे पडते हे वैद्यकाला निदान १८३१ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी एडिंबरामधले डॉक्टर जेम्स क्रॉफर्ड ग्रेगरी यांनी एका कोळसा खाणकामगाराच्या काळ्याकुट्ट फुप्फुसांचे वर्णन प्रसिद्ध केले. शहराच्या हवेकडे मात्र खरे लक्ष गेले ते डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरके साचून राहिले तेव्हा. सुरुवातीच्या अंदाजानुसार त्यात सुमारे ४,००० माणसे दगावली. त्या काळी धूर मोजायचा म्हणजे हवा फिल्टर कागदातून ओढायची आणि डाग किती काळा पडला ते बघायचे. पुढे काळेपणाची जागा वजनाने घेतली. अमेरिकेने १९८७ मध्ये पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण; मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि १९९७ मध्ये पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे) यांची मानके आणली. दोन्ही घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये.

गडबड इथेच होती. नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग, आणि २.५ मायक्रोमीटरच्या एका कणाचे वजन २० नॅनोमीटरच्या जवळजवळ २० लाख कणांएवढे भरते. म्हणजे फिल्टरवर एक जाड कण आला काय नि एवढे बारीक कण आले काय, काट्याला फरक कळत नाही. वजन तेच, पण बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ १२५ पट. १०० नॅनोमीटरखालच्या कणांना अतिसूक्ष्म म्हणतात. वाहनांच्या धुरात संख्येने तेच भरमसाट असतात आणि वजनात जवळपास नसल्यासारखे.

गंमत म्हणजे हे कण मोजण्याची युक्ती कधीच सापडली होती. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८८ च्या सुमारास ओलसर हवा एका पेटीत एकदम प्रसरण पावू दिली. हवा थंड होताच प्रत्येक कणावर पाण्याचा थेंब धरला. ते थेंब मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या पट्टीवर पडले की भिंगातून मोजायचे. आजचा कणगणकही त्याच तत्त्वावर चालतो. फक्त पाण्याऐवजी बहुतेक यंत्रांत ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ असते आणि भिंगामागच्या डोळ्याऐवजी लेझर. पण एटकेन यांना कुतूहल ढगांचे होते, फुप्फुसांचे नव्हे.

फुप्फुसात आकारानुसार कणांची वाट बदलते. ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण सगळ्यात कमी अडकतात, बरेचसे उच्छ्वासासोबत बाहेर जातात. त्याहून लहान झाले की हवेच्या रेणूंचे धक्के खात ते भिंतीला जाऊन चिकटतात. २० नॅनोमीटरच्या कणांपैकी निम्म्याच्या आसपास थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांत, उतरतात. तिथे सफाईचे काम मॅक्रोफेज या भक्षक पेशींकडे असते. मायक्रोमीटरभराचा कण त्या सहज गिळतात, अतिसूक्ष्म कण मात्र त्यांच्या तावडीतून बऱ्याच प्रमाणात सुटतात आणि अस्तराच्या पेशींपर्यंत पोचतात.

याचा परिणाम १९९० च्या आसपास अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात दिसला. तिथे उंदरांना १२ आठवडे टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीचे कण हुंगवले, एका गटाला २० नॅनोमीटरचे, दुसऱ्याला २५० नॅनोमीटरचे. रसायन एकच, पण दाह बारीक कणांनी कितीतरी जास्त केला. एडिंबराच्या संशोधकांनी पुढे कार्बन ब्लॅकवर, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या शुद्ध काजळीवर, हाच पडताळा घेतला: १४ नॅनोमीटर विरुद्ध २६० नॅनोमीटर. उत्तर तेच आले. मात्रा वजनाऐवजी पृष्ठफळात मांडली की विखुरलेले आकडे बऱ्यापैकी एका रेषेत येतात. १९९५ मध्ये अँथनी सीटन आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये तर्क मांडला की वायुकोशातल्या या दाहामुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढत असावी. प्रदूषणाच्या दिवसांत हृदयविकाराचे मृत्यू का वाढतात, याला प्रथमच धड यंत्रणा मिळाली.

उंदरांच्या निष्कर्षांना मात्र एक मोठी मेख आहे. मॅक्रोफेजच्या आकारमानाचा सुमारे ६ टक्के भाग कणांनी भरला की सफाई मंदावते आणि ६० टक्क्यांच्या आसपास ठप्प होते, असे संशोधक पॉल मॉरो यांनी १९८८ मध्ये मांडले. अशा तुंबलेल्या फुप्फुसात उंदरांना गाठी (ट्यूमर) होतात. कोळशाने भरलेल्या खाणकामगारांत तसे चित्र दिसत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅकला '२ बी', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक', या गटात ठेवले. २०१२ मध्ये डिझेलचा धूर मात्र गट १ मध्ये, म्हणजे 'कर्करोगकारक' ठरलेल्यांत, गेला. डिझेलच्या काजळीवर बहुचक्रीय हायड्रोकार्बन आणि धातू चिकटलेले असतात. नुसत्या कार्बनवरचे प्रयोग तिला जसेच्या तसे लावणे चूकच.

एक प्रयोग आजही बिनधास्त उद्धृत होतो. २००२ मध्ये निरोगी माणसांना टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने खूण केलेले कार्बन कण हुंगायला दिले आणि मिनिटभरात किरणोत्सार रक्तात दिसला. कण इतक्या झपाट्याने रक्तात उतरतात, असा अर्थ लावला गेला. पुढच्या तपासण्यांत कळले की खूणच कणांपासून सुटी होत होती, कार्बन बहुतांशी फुप्फुसातच होता. २०१७ च्या सोन्याच्या नॅनोकणांच्या प्रयोगात हा दोष नव्हता. थोडे कण खरोखर रक्तात आणि लघवीत सापडले, पण प्रमाण अगदी कमी.

नियमांत संख्या शिरली ती वाहनांच्या निमित्ताने. युरोपने २०११ पासून नव्या डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ६ गुणिले १० चा ११ वा घात एवढ्या कणांची मर्यादा घातली. मोजण्याआधी धूर ३०० ते ४०० अंश सेल्सियसला तापवून वाफाळणारे थेंब उडवायचे आणि २३ नॅनोमीटरवरचे घन कणच धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेसाठी मर्यादा घातली नाही, पण खुणा दिल्या: २४ तासांची सरासरी घनसेंटिमीटरमागे १,००० खाली असेल तर कमी, १०,००० वर गेली तर जास्त. यंत्राने १० नॅनोमीटर किंवा त्याहून लहान कणांपासून मोजावे असेही तिथे म्हटले आहे. ही अट वगळून दोन ठिकाणांचे आकडे शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही. २३ नॅनोमीटरपासून मोजणारे यंत्र आणि ७ पासून मोजणारे यंत्र एकाच रस्त्याच्या कडेला एकाच वेळी ठेवले, तरी दुसरे बरेच मोठा आकडा दाखवू शकते.