अधिग्रहण की उपसाबंदी? विहिरीची नोटीस आली की आधी हे बघा

मार्च लागला की पुणे जिल्ह्यात पुरंदर, बारामती, जुन्नरकडे मोबाईलवर एकच वाक्य फिरायला लागतं: "सरकार विहिरी ताब्यात घेतंय." खाली दोन वेगवेगळ्या आदेशांचे फोटो असतात, एक अधिग्रहणाचा आणि एक उपसाबंदीचा, आणि पुढे पाठवणाऱ्याने दोन्ही वाचलेले नसतात. दोन्हींवर शिक्का, दोन्हींत 'पाणीटंचाई', दोन्हींत गट नंबर. एवढ्यावरून दोन्ही एकच, असं समजून गावोगाव वाद घातले जातात.

अधिग्रहण बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. गावाची विहीर आटली, ग्रामपंचायतीने प्रस्ताव दिला, पाहणी झाली आणि खासगी विहीर किंवा बोअर पिण्याच्या पाण्यासाठी तात्पुरती घेतली. मालकाला दिवसाच्या दराने मोबदला मिळतो. ही विहीर टँकर भरण्यासाठी असते किंवा टँकरशिवाय थेट गावाला पाणी देण्यासाठी. तालुक्याच्या अहवालात या दोन्हींचे आकडे वेगळे धरतात. सातबारा जसाच्या तसा राहतो. अधिग्रहण म्हणजे संपादन (मालकीच काढून घेणं) नव्हे, हे दरवर्षी सांगावं लागतं.

उपसाबंदीचं, म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्यावरच्या बंदीचं, मूळ भूजल कायद्यात आहे. जुन्या कागदांत १९९३ चा अधिनियम दिसतो. आता त्याच्या जागी महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आहे, जो २०१४ पासून लागू आहे.

खरा घोळ पुढे आहे. अधिग्रहणात प्रशासनाला तुमच्या विहिरीतलं पाणी हवं असतं. उपसाबंदीत त्यांना तुमच्या पाण्याचा एक थेंबही नको असतो. तुम्ही ते उपसू नये एवढंच हवं असतं, कारण तुमची मोटार चालली की शेजारची सार्वजनिक विहीर खाली जाते. बाकी सगळे फरक यातूनच निघतात.

पहिला फरक अंतराचा. अधिग्रहणाला अंतराची अट नाही. झरा चांगला असेल आणि टँकर जाईल असा रस्ता असेल तर गावापासून लांबची विहीरही घेतात. उपसाबंदी मात्र टंचाईग्रस्त जाहीर झालेल्या क्षेत्रात, सार्वजनिक पाणीस्रोतापासून १ किलोमीटरच्या आतल्या विहिरींवर येते. इथे लोक हमखास ५०० मीटरचा आकडा पुढे करतात. तो सार्वजनिक स्रोतापासून किती अंतरात नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, याचा नियम आहे आणि तो टंचाई नसतानाही असतो. "माझी विहीर ७०० मीटरवर आहे, मला बंदी लागूच नाही" हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

टिकणारा युक्तिवाद वेगळा आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये असतं. दोनशे मीटरवरच्या दोन विहिरींचा एकमेकींशी संबंध नसू शकतो आणि आठशे मीटरवरच्या दोन एकाच भेगेवर असू शकतात. म्हणून हरकत घ्यायची तर अंतरावर घेऊ नका, पाण्याच्या पातळीवर घ्या. तुमची मोटार चालू असताना आणि बंद असताना सार्वजनिक विहिरीची पातळी मोजायला लावा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांचा अहवाल लेखी मागा.

दुसरा फरक पैशाचा. उपसाबंदीत अधिग्रहणासारखं दिवसाचं भाडं नसतं, कारण पाणी कोणी नेतच नाही. तरी त्यासाठी पंचायत समितीत खेटे घालणारे दिसतात. उलट प्रकार जास्त त्रासाचा: बंदी असलेल्या विहिरीवर पुण्याच्या वाघोली-उंड्रीकडच्या सोसायट्यांचे टँकर भरून द्यायचे आणि वर "पिण्यालाच तर देतोय" म्हणायचं. आदेशात उपसा बंद असेल तर तो टँकरलाही बंद. घरच्या वापराला सूट आहे का, हेही आदेशात वाचा; गृहीत धरू नका.

तिसरा फरक स्वतःच्या शेतीचा. अधिग्रहणाचा कागद आला की काहीजण घाबरून अंजिराचं पाणी त्याच दिवशी तोडतात. आधी हिशेब करा. ग्रामीण भागात टँकरचं प्रमाण माणशी रोज २० लिटर; १,५०० वस्तीला ३०,००० लिटर, जनावरांचं वेगळं. विहिरीचा व्यास ८ मीटर असेल आणि रात्रीत पाणी ६० सेंटिमीटर चढत असेल, तर ती भर साधारण तेवढीच, ३०,००० लिटर होते. मग बागेला खरंच काही उरत नाही. पण एक मीटर चढत असेल तर ५०,००० लिटर येतं, आणि उरलेल्या २०,००० साठी बोलायला जागा आहे. किती खेपा, कोणत्या वेळेत, हे आदेशात किंवा पंचनाम्यात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं एप्रिलमध्ये कोणाला आठवत नाही.

पंचनाम्यात व्यास, खोली, त्या दिवशीची पातळी, मोटारीची अश्वशक्ती आणि उभं पीक यायलाच हवं. वीज कोणाच्या मीटरवर, तेही. शेतीच्या फीडरला दिवसातले काही तासच वीज असते, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. सेकंदाला ५ लिटर फेकणाऱ्या पंपाला १०,००० लिटरचा टँकर भरायला साधारण ३३ मिनिटं जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात टँकर सकाळी येऊन नुसता उभा राहतो आणि वहीवर खेप शून्य पडते. अशा दिवसाच्या मोबदल्यावरून मग वाद होतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) नोंदवहीचा रोज फोटो काढून ठेवा.

मुदतीबाबत फार लिहायला नको. अधिग्रहण साधारण ३० जूनपर्यंत असतं आणि पाऊस लांबला तर मुदतवाढीचा नवा आदेश लागतो. तो न दाखवता टँकर येत राहिले तर विचारायचं. उपसाबंदीची तारीख टंचाई जाहीर केल्याच्या मुदतीशी बांधलेली असते.

नदी, कालवा किंवा धरणाच्या फुगवट्यावरच्या मोटारी बंद करण्याचे आदेश या दोन्हींत बसत नाहीत. तो पाटबंधारे कायद्याचा विषय आहे, त्याचा अर्ज पाटबंधारे शाखेत जातो. खडकवासल्याच्या कालव्यावर मोटार बंद झाली म्हणून भूवैज्ञानिकांच्या दारात जाऊन उपयोग नाही.