राऊटरमागचा डीव्हीआर बाहेरून का दिसत नाही?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आता घराबरोबर गोडाऊनला, गोठ्याला आणि जमलं तर वावरातल्या विहिरीवरही कॅमेरे दिसतात. ज्याची मोटर किंवा केबल एकदा चोरीला गेली आहे, त्याला याचं कारण विचारावं लागत नाही. कॅमेऱ्यांच्या तारा डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या डब्याला), डीव्हीआर राऊटरला आणि राऊटर फायबरच्या लाईनला जोडलेला असतो. घरातल्या वायफायवर चित्र स्वच्छ दिसतं. मग मुलगा शिकायला पुण्याला जातो, तिथून डीव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.५० टाकतो आणि काहीच उघडत नाही.

पत्ता बरोबर असतो, फक्त तो घरापुरता असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते १९९६ च्या इंटरनेट मानकानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १० ने सुरू होणारे पत्ते आणि १७२.१६ ते १७२.३१ हा पट्टाही तसाच. चोपड्यातल्या घरात जो १९२.१६८.१.५० आहे, तोच पत्ता शिरपूरला असू शकतो आणि ब्राझीलमध्येही. त्यामुळे हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत.

ही वेळ आली पत्त्यांच्या टंचाईमुळे. आपण अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरतो तो आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्यातलाही काही भाग राखीव. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. टंचाई येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून १९९४ मध्येच एक तात्पुरता उपाय सुचवला गेला होता. पूर्ण घराला एकच सार्वजनिक पत्ता द्यायचा आणि आतल्या उपकरणांची पत्ताबदली राऊटरने करायची. यालाच नॅट म्हणतात. तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय आज जवळपास प्रत्येक घरात आहे.

नॅटचं काम नीट समजून घेतलं की बाकीचं सगळं सोपं होतं. समजा राऊटरचा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.२५ आहे. घरातल्या मोबाइलवर तुम्ही बँकेची साइट उघडता. मोबाइल आपल्या पत्त्यासोबत एक पोर्ट क्रमांक निवडतो, समजा ५१५१४, आणि बँकेच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे डेटाचं पाकीट पाठवतो. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असतो, म्हणून तो ० ते ६५,५३५ मधला कोणताही असू शकतो. एकाच पत्त्यावरचा कोणता प्रोग्राम कुणाशी बोलतोय, हे त्यावरून कळतं. राऊटर पाकिटावरचा खासगी पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, गरज पडली तर पोर्टही बदलतो, आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो: या पोर्टवर उत्तर आलं तर ते या मोबाइलला द्यायचं. उत्तर येतं, नोंद जुळते, पान उघडतं. बोलणं थांबल्यावर काही वेळाने ती नोंद पुसली जाते.

आता पुण्याहून कुणी २०३.०.११३.२५ च्या ८००० पोर्टवर पाकीट पाठवलं, तर आतून कुणी त्याची सुरुवात केलेली नसते. तक्त्यात नोंद नाही, त्यामुळे घरातला टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप, डीव्हीआर यांपैकी ते कुणाला द्यावं हे राऊटरला ठरवता येत नाही आणि तो ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यातली कायमची नोंद, आपण हाताने लिहिलेली: बाहेरून ८००० वर जे येईल ते १९२.१६८.१.५० च्या ८००० वर पाठव.

नियम लिहिण्याआधी मात्र एक तपासणी करा, कारण बहुतेकांची मेहनत इथेच वाया जाते. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. मग आपला आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडून तिथला पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर पुढे चला. राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने स्वतःकडेही एक नॅट लावलं आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेला. अशा वेळी एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून आलेलं पाकीट कंपनीच्याच यंत्रापाशी थांबतं. तुमच्या राऊटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता, मागणं हा त्यावरचा सरळ उपाय. वॅनच्या जागी १९२.१६८ चा पत्ता दिसला, तर बहुधा फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा दुसरा राऊटर जोडला आहे आणि नॅट दोनदा होतंय.

पत्ता सार्वजनिक निघाला की उरलेलं काम थोडं आहे. आधी डीव्हीआरला घरातला पत्ता पक्का करून द्या. राऊटरमध्ये त्यासाठी ॲड्रेस रिझर्व्हेशनची सोय असते. नाहीतर लाईट जाऊन आली की डीव्हीआरला नवा पत्ता मिळू शकतो आणि नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवत बसतो. मग ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या पानावर बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी (पाकिटं पाठवण्याच्या दोन पद्धती), एवढं भरायचं. पोर्ट क्रमांक डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिहिलेला असतो: काही कंपन्यांचा ८०००, काहींचा ३७७७७. तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. घराच्या आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे गेलेलं पाकीट वळवून परत आत आणणं काही राऊटरना जमत नाही, आणि नियम बरोबर असूनही तो चुकला असं वाटतं.

लाईट जाण्याचा आणखी एक परिणाम आहे. राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर घराचा सार्वजनिक पत्ताही बदललेला असू शकतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस वापरतात (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी सोय). तिथे एक नाव ठरलेलं राहतं आणि पत्ता बदलला की राऊटर त्या नावापुढची नोंद बदलतो.

हे सगळं जमलं की डीव्हीआर पुण्यातल्या मुलाला दिसतो, आणि त्याच क्षणापासून साऱ्या जगाला दिसतो. आमचं छोटं गाव, आमच्याकडे कोण बघणार, असं म्हणू नका. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम बनवला. तो एका पोर्टसाठी आयपीव्ही४ चं पूर्ण सार्वजनिक इंटरनेट एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत धुंडाळू शकतो. गाव लहान की मोठं, हे त्याला दिसतही नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर हुडकले, कारखान्यातून आलेले साठेक यूजरनेम-पासवर्ड लावून बघितले आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांपैकी बहुतेकांना याचा पत्ताही लागला नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडूच नये. राऊटरवर किंवा घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर वायरगार्डसारखं व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याची कुलूपबंद वाट) चालवावं आणि फक्त त्याचा एक यूडीपी पोर्ट उघडावा. बहुधा तो ५१८२० असतो. योग्य किल्ली नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. मुलगा आधी व्हीपीएनने घरच्या जाळ्यात येतो आणि मग तोच १९२.१६८.१.५० टाकून चित्र बघतो. थेट उघडण्याशिवाय इलाज नसेल, तर निदान कारखान्याचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा. राऊटरमधलं यूपीएनपी बंद करा, कारण त्यातून घरातली उपकरणं तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतात. आणि ‘डीएमझेड’ या पर्यायाला हात लावू नका. ज्या पोर्टसाठी दुसरा नियम नाही, ते सगळे त्याने एकाच उपकरणाकडे मोकळे होतात.

पुढे कधी डीव्हीआर बदलला किंवा विकला, तर राऊटरमधला त्याचा नियम त्याच दिवशी खोडा. उपकरण गेलं तरी नियम राहतो, आणि उद्या १९२.१६८.१.५० हा पत्ता मुलीच्या लॅपटॉपला मिळाला, तर बाहेरून ८००० वर येणारं सगळं तिच्याकडे जाईल.