जयपूर बॉम्बस्फोटमालिका, २००८

राजस्थानच्या राजधानीतील परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, मंगळवार १३ मे २००८ रोजी सायंकाळी झालेली बॉम्बस्फोटांची मालिका. साडेसातच्या सुमारास, साधारण पंधरा-वीस मिनिटांत, माणक चौक, बडी चौपड, जोहरी बाजार, त्रिपोलिया बाजार, छोटी चौपड, चांदपोल आणि सांगानेरी गेट या परिसरांत स्फोट झाले. ७१ जण ठार व सुमारे १८५ जखमी झाले. हे आकडे न्यायालयीन निवाड्यांतले आहेत. पहिल्या काही दिवसांच्या वृत्तांत मृतांची संख्या ६० ते ८० अशी बदलती आढळते.

सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या नगराची आखणी सरळ रस्त्यांची असून मुख्य रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे चौपडी आहेत. बाजार, मंदिरे आणि रहदारी तिथेच एकवटते. मंगळवार असल्याने चांदपोल व सांगानेरी गेट येथील हनुमान मंदिरांत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. दिवस आणि वेळ पाहूनच निवडली असावी, हे मत बहुतेकांनी मान्य केले आहे.

बॉम्ब पिशव्यांत घालून सायकलींना लावलेले होते. दुकानांपुढे आणि देवळाबाहेर कॅरिअरला पिशवी बांधलेली सायकल उभी असणे ही जुन्या शहरातली रोजची गोष्ट, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. सायकलींचा वापर त्याआधी मालेगाव (२००६) येथील स्फोटांतही झाला होता, परंतु पद्धत सारखी म्हणून कर्तेही तेच, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. स्फोटकांविषयी प्रारंभीच्या बातम्यांत आरडीएक्सचा उल्लेख येतो. नंतर अमोनियम नायट्रेट, लोखंडी छर्रे आणि वेळ लावण्याची यंत्रणा असे वर्णन रूढ झाले. ते अधिक ग्राह्य वाटते.

स्फोट आठ की नऊ, याबाबत संदर्भसाहित्यात एकवाक्यता नाही. वृत्तपत्रांत नऊ हा आकडा वारंवार येतो. मात्र माणक चौक व कोतवाली या दोन पोलीस ठाण्यांत प्रत्येकी चार, असे स्फोटांचे आठ गुन्हे नोंदले गेले. नववा बॉम्ब चांदपोल बाजारात रामचंद्र मंदिराजवळ सापडला आणि तो निकामी करण्यात आला. न फुटलेला हा बॉम्ब मोजणीत धरल्याने नऊचा आकडा रूढ झाला असावा. ‘आठ स्फोट व एक जिवंत बॉम्ब’ हीच नोंद स्वीकारणे बरे. या भेदाला पुढे कायदेशीर महत्त्व आले.

दुसऱ्या दिवशी परकोट्यात संचारबंदी लागू झाली. त्याच सुमारास स्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल ‘इंडियन मुजाहिदीन’ या दहशतवादी संघटनेच्या नावाने प्रसारमाध्यमांना आला. सोबतच्या चित्रफितीत एक सायकल होती आणि तिच्या चौकटीवरचा क्रमांक वाचता येत होता. ईमेल गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथील सायबर कॅफेतून गेल्याचे तपासात निघाले. सुरुवातीला संशय बांगलादेशातील हुजी (हरकत-उल-जिहाद-अल-इस्लामी) या दहशतवादी संघटनेकडे वळला होता, आणि शहरातील बंगालीभाषक वस्त्यांत कागदपत्रांची झडती सुरू झाली. मुख्यमंत्री वसुंधराराजे यांनी महाराष्ट्राच्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या धर्तीवरील राज्याच्या विधेयकाला केंद्राची संमती मिळत नसल्याचा मुद्दा पुढे आणला. जुलैमध्ये बंगळुरू व अहमदाबाद आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली येथे स्फोट झाले. त्यानंतर दिल्लीतील बाटला हाउस येथे पोलीस आणि इंडियन मुजाहिदीनचे संशयित यांच्यात झालेल्या चकमकीनंतर जयपूर प्रकरणातील अटका वाढल्या.

विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये चौघांना दोषी ठरवून फाशी सुनावली. ईमेल पाठवल्याचा आरोप असलेला पाचवा आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावलेल्या चौघांनाही निर्दोष सोडले. त्यांपैकी एक घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचेही न्यायालयाने मान्य केले. या निवाड्याचा गाभा पुराव्याच्या साखळीत आहे. आरोपींनी दिल्लीतून घेतल्याचे सांगितलेले छर्रे आणि मृतांच्या शरीरांतून काढलेले छर्रे न्यायवैद्यक अहवालात जुळले नाहीत. सायकली विकल्याच्या पावतीपुस्तकांतील चौकटीचे क्रमांक जप्त सायकलींशी जुळत नव्हते. आरोपी त्याच दिवशी दिल्लीहून बसने आले आणि रेल्वेने परतले, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते, पण प्रवासाची तिकिटे सादर झाली नाहीत. तपास अधिकाऱ्यांच्या चौकशीचे निर्देशही न्यायालयाने दिले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, परंतु मे २०२३ मध्ये तेथे निर्दोषत्वाला स्थगिती मिळाली नाही.

जिवंत बॉम्बचा खटला मात्र स्वतंत्रपणे चालला. त्यात एप्रिल २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. या चौघांत तिघे २०२३ मध्ये सुटलेले, तर चौथा २०१९ मध्ये सुटलेला आहे. लोकप्रिय लेखनात ‘जयपूरचे आरोपी सुटले’ किंवा ‘दोषी ठरले’ अशी सरसकट विधाने आढळतात. त्यांतले कोणते विधान फुटलेल्या आठ बॉम्बना लागू आहे आणि कोणते नवव्याला, हे तपासून घ्यावे लागते.